खुर्चीतल्या बाईचा सराव

१

महिन्यातल्या एका रविवारी बेटावरच्या बाराँका आल्ताच्या लष्करी तळावर खोटी अंत्ययात्रा निघायची, आणि सबंध महिन्यात तिथं कुणी एवढं हसत नसे.

भोवतालच्या डोंगरगावांत जुन्या लढायांवरून परतलेले म्हातारे सैनिक आता एकामागून एक जात होते. त्यांना शेवटची मानवंदना द्यायचं काम या राखीव तुकडीकडे होतं. सहा जणांनी पेटी उचलायची, कबरीपाशी ठेवायची, वरचा झेंडा ताणून त्याची त्रिकोणी घडी करायची आणि ती घडी समोर खुर्चीत बसलेल्या बाईच्या हातांत द्यायची. सरावाला पेटी रिकामी असे, आणि बाई म्हणून बसे चेओ. चेओ भटारखान्याचा सार्जंट, पोट सुटलेला, मिशाळ. डोक्यावर टॉवेल घेऊन तो असा गळा काढायचा की पेटी धरणाऱ्यांचे हात हसून हसून लटपटत.

"अरे माझ्या राजा, गेलास तो गेलास, टीव्हीचा रिमोट कुठं ठेवलास ते तरी सांग रे!"

सार्जंट नेरेइदा कोयासो ओठ चावून उभी राही. कोणी कधी कसला सराव करायचा ते ठरवणारी तीच. भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर तिच्या हातचे चौकोन असत, आणि त्या चौकोनांत अख्ख्या तुकडीचं आयुष्य मावलेलं असे. कुणाची बायको बाळंत व्हायची असली, कुणाचा बाप अंथरुणाला खिळलेला असला, की परीक्षा घेणारा मुकाट्यानं त्याच्या नावापुढं 'तयार' लिहून मोकळा होई. याला 'पेन्सिल फिरवणं' म्हणत. वरच्यांना कळलं असतं तर बोंब झाली असती, पण त्या बेटावर आपल्या माणसाला नियमात अडकवून ठेवणं हे कुणालाच शोभत नसे.

मग यंत्र आलं. फळा काढून नेला. भिंतीत स्क्रूची चार भोकं राहिली, ती अजून कुणी बुजवलेली नाहीत.

२

नव्या यंत्रणेला लांबलचक सरकारी नाव होतं. पोरांनी एका दिवसात तिचं 'बाईसाहेब' करून टाकलं. बाईसाहेब कुठून कुठून माहिती गोळा करायच्या देव जाणे, पण पुढं कशाची गरज पडणार ते हेरून सराव ठरवायच्या. प्रत्येकाला तीन शेरे: कच्चा, सराव हवा, तयार. 'तयार'चा चौकोन हिरवा झाला की तो सराव आपोआप यादीतून जाई. नेरेइदाला आता फक्त संगणकाच्या पडद्याकडे बघायचं काम उरलं. तिला ते झोंबलं.

ऐन कोरड्या दिवसांत बाईसाहेबांनी पुरात दोर टाकून माणसं काढायचा सराव लावला. नदीत तेव्हा कोंबडीसुद्धा बुडाली नसती. पोरं खिदळत दोर टाकत बसली. शनिवारी सगळ्यांचे चौकोन हिरवे झाले आणि त्याच आठवड्यात वर डोंगरात काय फुटलं कुणास ठाऊक, नदी पूल घेऊन गेली. तुकडीनं चाळीसेक माणसं काढली. कॅप्टन सान्तिनींना शाबासकीचं पत्र आलं.

नंतर हातपंपानं पाणी उपसायचा सराव. तोही हिरवा झाला, आणि दुसऱ्याच दिवशी सगळ्या बेटाची वीज गेली.

"बाईसाहेबांना आधी कळतं," चेओ अभिमानानं म्हणायचा. "माझ्या सासूनंतर हीच."

नेरेइदाही हसली होती. पूर कसा येतो, वीज कशी जाते, हे तिला चांगलं माहीत होतं. त्या बेटावर दोन्ही गोष्टींना फारसं निमित्त लागत नाही.

मग एका मंगळवारी सकाळी कॉफीचा कप हातात घेऊन तिनं पडदा उघडला. मानवंदनेचा सराव आता दर आठवड्याला लागला होता. पेटी रिकामी ठेवायची नव्हती. तीत वाळूच्या पिशव्या भरायच्या होत्या, एकशे अठ्ठ्याहत्तर पौंड. आणि खुर्चीत बसायला आजवर कधी नाव नेमलेलं नव्हतं, तिथं नाव होतं: कोयासो, नेरेइदा.

३

"चूक असणार," ती कॅप्टनना म्हणाली.

कॅप्टन सान्तिनी तिच्याहून वीस वर्षांनी लहान, सभ्य, आणि पडद्यावर श्रद्धा असलेला माणूस. त्यांनी बराच वेळ बोटानं पडदा वरखाली केला.

"चूक कशी म्हणायची, सार्जंट? खऱ्या दफनात पेटी जड असते. आपली पोरं रिकामी पेटी उचलून शेफारली होती."

"आणि एकशे अठ्ठ्याहत्तरच का?"

"मध्यम उंचीच्या जवानाला चालणारं वजन आहे ते. तक्त्यातला आकडा."

"आणि मी का? चेओ बसतो की."

"चेओ बसतो म्हणूनच," कॅप्टन हसले. "तुम्ही आई आहात. बाईसाहेबांना कुणीतरी गंभीर माणूस हवं असेल."

उत्तर चोख होतं. तक्त्यातला आकडा होता, हेही खरं. ती तेवढ्यावर घरी आली.

घरी न्हाणीघरातून अब्नेरची हाक आली, "आई, दोनशे एक!"

अब्नेर तिचा एकुलता एक मुलगा, दुसऱ्या तुकडीत ट्रक चालवायचा. ती तुकडी वाळवंटातल्या लढाईवर जायची होती आणि वजन जास्त म्हणून याचं नाव अडकलं होतं. त्याचे सगळे मित्र निघाले होते. मागं राहायची त्याला लाज वाटत होती. रोज पहाटे धावायचा, दुपारी उकडलेली कोंबडी खायचा, आणि किती धावायचं, काय खायचं ते त्याच्या फोनवर बाईसाहेब पाठवायच्या.

"किती उतरायचं तुला?" तिनं सहज विचारलं.

"माझ्या उंचीला एकशे अठ्ठ्याहत्तर. मग सुटलो."

नेरेइदानं स्वयंपाकघरात जाऊन उगाच गॅस पेटवला आणि परत विझवला. तक्त्यातला आकडा. त्या उंचीची हजारो पोरं असतील. तिनं स्वतःला हे नीट समजावलं, आणि मग कोपऱ्यातली सगळी कच्ची केळी काढून सोलायला घेतली.

४

खुर्ची साधी होती, घडीची, लोखंडी. सभागृह म्हणजे पत्र्याचं मोठं दालन. वारं यावं म्हणून त्याचं शटर वीतभर वर ओढून ठेवत. खालून उजेडाची पट्टी आत यायची आणि चालणाऱ्यांचे नुसते बूट दिसायचे.

परीक्षक म्हणून बाईसाहेबांनी चेओला नेमलं होतं. टॉवेल जाऊन त्याच्या हातात काचेची, बोटानं चालणारी पाटी आली होती. तिच्यावर तो शेरे भरायचा.

"पाठ ताठ, नेरे. हात मांडीवर, तळवे वर, उजवा डाव्यावर. घडी आली की दोन्ही हातांनी घ्यायची, छातीशी धरायची. रडायचं तर आवाज न करता." त्यानं पाटीवरून वाचलं. "हे रडायचं मी नाही घातलं हां. इथं लिहिलंय."

बिगुल वाजला. खरा बिगुल वाजवणारा हल्ली कुणी नसतो. बिगुलाच्या तोंडात छोटं यंत्र बसवतात, वाजवणारा नुसते गाल फुगवतो. सहा जणांनी पेटी आणली. वाळूनं भरलेली, त्यामुळं पावलं संथ पडत होती. कुणी हसत नव्हतं. घडी झाली. एक पोरगेला शिपाई तिच्यापुढं गुडघ्यावर बसला आणि कृतज्ञ देशाच्या वतीनं वगैरे म्हणत त्यानं तो निळा त्रिकोण पुढं केला.

तिचे हात थरथरायला लागले. घडी मांडीवरून घसरून खाली पडली.

चेओनं पाटीवर बोट टेकवलं. पिवळा चौकोन: सराव हवा.

तिनं पुढच्या वेळेला नाव खोडलं. सकाळी ते परत होतं. कॅप्टननी स्वतः खोडलं, तरी परत होतं. एकदा तिच्या जागी चेओच टॉवेल घेऊन बसला. पोरांना बरं वाटलं, पण पाटीवर लाल अक्षरं आली: कोयासो गैरहजर, सराव पुन्हा.

"चिकट आहे ही बया," चेओ म्हणाला.

५

आईनं पोराला खाऊ घालावं यात कुणाला काही वावगं दिसत नाही. नेरेइदानं तेच हत्यार उचललं. ओल्या तुरीचा भात, डुकराचं भाजलेलं मांस, लसूण घालून कुटलेली तळलेली केळी. नाताळ महिनाभर लांब असताना तिनं मांस भरलेले नाताळचे पास्तेलेस केळीच्या पानात गुंडाळून उकडले. घर सुवासानं भरून गेलं.

"आई, तू माझ्या वाइटावर आहेस का?" अब्नेर ताटाकडे बघून कळवळला.

"दोन घास खा. हाडं दिसायला लागलीत."

"कुठायत हाडं? दाखव!" त्यानं शर्ट वर करून पोट बडवलं. "एकशे ब्याऐंशी. अजून चार."

"राहू दे ना. नाही गेलास तर काय बिघडतं?"

जवळ येऊन त्यानं तिच्या खांद्यावर हनुवटी टेकवली. "सगळे चाललेत, आई. मी एकटा इथं बसून काय करू? तुझ्याबरोबर डोमिनो खेळू?"

हो, असं तिला ओरडायचं होतं. पण कारण काय सांगणार? की तळावरच्या पेटीत तुझ्या वजनाची वाळू भरतात? ते तोंडातून काढलं तर खरं होईल असं तिला वाटलं, आणि असं वाटणं हा शुद्ध गाढवपणा आहे असंही वाटलं. ती गाढवपणालाच घाबरून गप्प बसली.

त्या गुरुवारी न्हाणीघरातून आरोळी आली. आकडा त्यानं सांगायची गरज नव्हती. पंधरवड्यात तो गेला. लहानपणापासून उंबऱ्यात तो म्हणत आला होता तसंच त्यानं विमानतळावर म्हटलं, "आई, आशीर्वाद."

"देव तुझं भलं करो, बाळा," तिनं म्हटलं. त्या बेटावर या दोन वाक्यांशिवाय कुणी घराबाहेर पडत नाही आणि फोनही ठेवत नाही.

६

पूर आला तो सगळे 'तयार' झाल्यावर. वीज गेली तीही 'तयार' झाल्यावरच.

हे तिला एका दुपारी भांडी घासताना सुचलं, आणि ती ओल्या हातांनी तशीच उभी राहिली. बाईसाहेबांना घाई नव्हती. माणूस तयार होईपर्यंत त्या थांबत होत्या.

मग आपण तयार व्हायचंच नाही.

किती दिवसांनी तिला भूक लागली! पुढच्या सरावाला तिनं बिगुल संपायच्या आतच उठून उभं राहायचं ठरवलं, आणि राहिली. पिवळा. त्याच्या पुढच्या वेळी घडी डाव्या हातानं घेतली. पिवळा. एकदा तर सरळ हसली. पेटी धरलेली पोरं एकमेकांकडे बघायला लागली. बावीस वर्षं जिनं बुटाची नाडी सैल चालवून घेतली नाही, ती बाई आता दर रविवारी गाढवासारखी नापास होत होती आणि घरी जाताना बेकरीतून गोड पाव नेत होती. रविवारी संध्याकाळी अब्नेरचा फोन यायचा. वाळू, माश्या, भिकार कॉफी, आशीर्वाद.

एका रविवारी तिनं आणखी एक केलं. सकाळी लवकर येऊन वाळूच्या पिशव्या पेटीतून काढल्या, गाडीत भरल्या, गाडीला कुलूप लावलं. वजन नाही तर सरावही नाही, असा तिचा हिशेब.

सहा जण पेटी घेऊन आले. पावलं संथ. मानेच्या शिरा ताणलेल्या. ठेवताना लाकूड चौथऱ्यावर टेकलं, त्याचा भरीव आवाज तिनं खुर्चीत बसल्या जागी ऐकला.

सराव संपल्यावर तिनं विचारलं, "वाळू कुणी भरली?"

"तू ना?" चेओ म्हणाला.

"मी नाही."

"मग कोठीवाल्यांनी भरली असेल. पिशव्यांना काय तोटा आहे?"

तेही खरंच होतं. झाकण दोन बोटांनी उचलून बघितलं असतं तर शंका फिटली असती. तिनं ते उचललं नाही. गाडीपाशी जाऊन तिनं काचेतून बघितलं. तिच्या पिशव्या मागच्या सीटवर एकीवर एक तशाच होत्या.

७

चेओला तिचं बघवत नव्हतं. दर रविवारी ती खुर्चीत बसताना पांढरी पडायची ते त्याला दिसत होतं, आणि मुलगा लढाईवर असलेल्या बाईला असल्या खुर्चीत बसवायचं म्हणजे काय, हे कळायला त्याला बाईसाहेबांची गरज नव्हती.

त्या रविवारी ती आधीच उठली, घडी पाडली, सगळं नेहमीसारखं केलं. चेओनं पाटी काखेत मारली आणि तिला दाराशी गाठलं.

"जा घरी. आता तुला परत बसायला नको."

"म्हणजे?"

"म्हणजे पेन्सिल फिरवली." तो मिशीतल्या मिशीत हसला. "तयार म्हणून टाकलं. पाटी असली म्हणून काय झालं, बोट माझंच आहे."

तिचं बोट पाटीकडे गेलं.

"काढ ते, चेओ."

"काय काढ?"

"पिवळं कर. मी तयार नाही. मला जमत नाही, तू बघितलंस ना आता!"

"अगं वेडे, म्हणून तर केलं! किती दिवस जाळून घेणार आहेस?"

तिनं त्याच्या काखेतून पाटी ओढली. हिरवा चौकोन होता. तिनं त्यावर बोट दाबलं, अंगठा दाबला, नखानं खरवडलं. तिच्या देखत चौकोन फिका होत गेला आणि यादीतून निघून गेला, जसे हिरवे चौकोन नेहमी जात. खालचे सराव एक ओळ वर सरकले.

"आई आहेस तू त्याची," चेओ घाबरून म्हणाला. "मला वाटलं, तुला बरं वाटेल."

तिनं त्याच्या गालाला हात लावला. त्याच्यावर रागावणं तिला जमलं नाही. त्यानं जे केलं ते तिथं कुणीही कुणासाठीही केलं असतं.

संध्याकाळी फोन मांडीवर घेऊन ती पडवीत बसली. झाडीतले इवले बेडूक एकसारखे शीळ घालत होते. फोन आला नाही. तिकडे नेहमीच लाईन जाते, असं तिनं शेजारणीनं न विचारताच तिला सांगितलं.

८

सोमवारी तळावर कुणी नसतं. कॅप्टन शहरात, चेओ सुट्टीवर. नेरेइदानं कॉफी केली आणि न पिताच ठेवली. पडद्यावर पुढचे आठवडे उघडले. दोरांचा सराव, गाड्यांची देखभाल, प्रथमोपचार. मानवंदनेचा सराव कुठंच नव्हता. आपण हा सराव कधी लावलाच नव्हता, असा बाईसाहेबांचा चेहरा स्वच्छ होता.

ती सभागृहात गेली. शटर वीतभर वर होतं, उजेडाची पट्टी फरशीवर पडली होती. पेटी चौथऱ्यावर होती, झेंडा चापूनचोपून घातलेला. वाळूच्या पिशव्या भिंतीशी नीट रचलेल्या होत्या, कोठीवाल्यांच्याही आणि तिनं गाडीतून परत आणलेल्याही. म्हणजे पेटी रिकामी असणार.

तिनं एका कोपऱ्याखाली हात घातले आणि पेटी उचलून बघितली. ती तसूभरही हलली नाही.

मग हात काढून घेतले.

झेंड्याला तिनं बोट लावलं नाही. ती पेटीच्या उशाशी उभी राहिली, आणि कुणी मागितला नसताना हलक्या आवाजात म्हणाली, "देव तुझं भलं करो, बाळा."

बाहेर खडीवर एक गाडी येऊन थांबली. दोन दारं लागली, एकापाठोपाठ एक. पावलं शटरपर्यंत आली आणि थबकली. उजेडाच्या पट्टीत बुटांचे दोन जोड दिसले, काळेभोर, आरशासारखे घासलेले. सोमवारी तसले बूट तळावर कुणी घालत नाही; जवानाच्या घरी निरोप घेऊन जाणारे दोघंच घालतात. त्यातला एक जोड जरा मागं सरकला, परत पुढं आला. कुणीतरी घसा साफ केला. आत जायचं कुणी आणि आधी बोलायचं कुणी, यावर त्यांचं कुजबुजत चाललं होतं.

नेरेइदा खुर्चीत बसली. पाठ ताठ झाली. हात आपसूक मांडीवर आले, तळवे वर, उजवा डाव्यावर.

शटर करकरत वर जायला लागलं. तिनं हातांकडे बघितलं. ते अजिबात थरथरत नव्हते.